परतीची नळी

माझ्या अप्पांना कुठलंही झाकण कोरडं लावलेलं बघवत नाही. इंजिनाचं असो, गिअरबॉक्सचं असो, त्याच्या कडेनं ती करडी सिलिकॉन पेस्ट फासायचीच असते. एकदा घरच्या मिक्सरच्या भांड्यालाही फासली, आणि आठवडाभर आमच्या चटणीला वर्कशॉपचा वास येत होता. तंजावरात नांजिकोट्टै रोडवर आमचं वर्कशॉप आहे, चाळीस वर्षांचं. व्यंकटरमणनी बांधलेली गाडी, खाली थेंब नाही, असं लोक म्हणतात, आणि तेवढ्या एका वाक्यावर अप्पा जगतात. रोज सकाळी फरशी स्वतः पुसतात. गाडीखाली तेलाचा थेंब दिसला तर त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नाही.

मी नंदिता. वय सत्तावीस, मेकॅनिकलचा डिप्लोमा. इंजिन मी उघडते, मोजते, जोडते, गिऱ्हाइकांशी भांडतेही मीच. फक्त शेवटचं झाकण माझ्या हातानं लागत नाही. ते अप्पा लावणार. बोटावर पेस्ट घेणार, हळूहळू कडेनं फिरवणार आणि वर मला ऐकवणार, "तुम्हां पोरांस घाई फार. मला नांव राखायचें आहे." अप्पा आणि आत्ते असं जुनं बोलतात. पुण्याहून मोठं देऊळ बघायला आलेल्या एक बाई गाडी बिघडली म्हणून आमच्याकडे थांबल्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, तुमच्याकडे नाटकाची तालीम चालू आहे का? मी म्हटलं, हो, चाळीस वर्षं चालू आहे.

आत्ते म्हणजे अप्पांची थोरली बहीण, वसुमती. मी नऊ वर्षांची असताना आई गेली. अप्पांना पोरीची वेणी घालता येत नव्हती आणि मला गप्प बसता येत नव्हतं, म्हणून आत्ते मला ओरत्तनाडूला घेऊन गेली. बारावीपर्यंत मी तिच्याच घरी. मला टायफॉइड झाला तेव्हा ती अकरा दिवस माझ्या उशाशी बसून होती. आई म्हटलं की मला आत्तेचाच चेहरा दिसतो.

आणि घोळ तिथंच आहे. आमच्यात आत्तेच्या मुलाचा मामाच्या मुलीवर हक्क असतो. इथं त्याला मुरै म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. आत्तेला एकच मुलगा, गणेशकुमार, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. दिवाळीला नेसायला नवी पावाडै, पोंगलला ऊस आणि नंदूला गणेश, हे सगळं आमच्या घरात एका दमात बोललं जायचं. मला कधी कुणी विचारलंच नाही.

गणेशमध्ये खोट असती तर किती बरं झालं असतं! पीत नाही, ओरडत नाही, आईला दुखवत नाही. पण मी त्याच्याबरोबर एका घरात वाढले हो. त्याचं गळकं नाक मी पुसलंय, त्याला कालव्यात ढकललंय, त्याच्या खांद्यावर उभी राहून शेजाऱ्यांचे आंबे काढलेत. आता म्हणे तो नवरा! माझ्या अंगावर काटा येतो, आणि हे कुणाला सांगायची सोय नाही. एकदा आत्तेला आडून आडून सांगून पाहिलं, तर ती हसली. "लग्न झालें कीं होतें सगळें बरें," म्हणाली, आणि माझ्या पानात आणखी एक आप्पम वाढलं.

गणेशचं ओरत्तनाडूत टर्बो दुरुस्त करायचं दुकान आहे. ट्रॅक्टरचे, बसचे, भात कापायच्या यंत्रांचे. टर्बो म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाडीच्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, त्याला सतत तेल पाहिजे. तेल वरून बारीक नळीतून दाबानं येतं आणि खालून जाड नळीनं इंजिनाच्या तळाशी परत जातं. जाताना त्याला ढकलायला कुणी नसतं, ते आपल्या वजनानंच उतरतं. ती परतीची वाट अडली की तेल टर्बोच्या पोटात साठतं, दांड्याच्या दोन्ही टोकांनी बाहेर पडतं, आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मग जो तो म्हणतो, टर्बोचं सील गेलं.

जानेवारीत पापनाशमचा सांबशिव आमच्याकडे आला. त्याच्या वडलांची भाताची गिरणी आहे आणि त्याला वेग लागतो. कंपनीनं टर्बो दिलेलाच नव्हता अशी त्याची छोटी गाडी. तिला वरून टर्बो बसवून पाहिजे होता, कोइंबतूरच्या ट्रॅकवर पळवायला. टर्बो गणेशनं बांधून दिला. नळ्या मी वाकवल्या, तळाला परतीचं तोंड मी वेल्ड करून घेतलं, आणि शेवटचं आवळणं अर्थात अप्पांनी केलं. आठ दिवसांत धूर. गणेशनं दुसरा टर्बो दिला. धूर. तिसरा दिला. तरी धूर.

तिसऱ्या वेळी सांबशिव गाडी घेऊन आला तो नेमका आमच्या तांबुलाच्या, म्हणजे लग्न पक्कं करायच्या, दिवशी. आत्ते गणेशबरोबर ओरत्तनाडूहून पानसुपारीचं ताट घेऊन आली होती, घर आणि वर्कशॉप एकाच आवारात, आणि त्या शहाण्यानं दारात गाडी उभी करून ॲक्सिलरेटर दाबला. सगळं अंगण निळं झालं. आत्तेचं ताट त्या धुरात दिसेना. सांबशिव ओरडायला लागला, चार गिऱ्हाइकं जमली, आणि अप्पांचा तोल गेला. "ज्यास एक सील धड बसवतां येत नाहीं, त्यास माझी पोरगी मिळणार नाहीं!" गणेश खांब धरून उभा होता. एक शब्द बोलला नाही. आत्ते ताट घेऊन तशीच परत गेली.

आणि मी काय केलं? मी आत गेले, उशीत तोंड खुपसलं आणि हसले. खोटं कशाला बोलू? सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला होता.

अप्पांचं बोलणं गावभर गेलं. मामानंच भाच्याला नाकारलं म्हटल्यावर बाकीचे कोण जाणार त्याच्याकडे? बसवाल्यांनी गणेशचं दुकान सोडलं, ट्रॅक्टरवाले तिरुचीला जायला लागले. मला कळत होतं सगळं. वाईट वाटत होतं, पण दातदुखी थांबल्यावर शेजारच्याच्या तापाचं वाटतं तेवढंच.

जूनमध्ये सांबशिवनं चेन्नैहून कोरा टर्बो आणला, परदेशी, खोक्यातला. तो आम्ही बसवला. तोही धुरायला लागला. अप्पा म्हणाले, "सगळें जगच चोर झालें आहे."

मला मात्र झोप येईना. चार वेगवेगळे टर्बो, आणि चारांचंही सील खराब? असं कसं होईल? मंगळवारी अप्पा कुणाच्या तरी मुंजीला तिरुवैयारूला गेले, आणि मी एकटीच त्या गाडीला भिडले. आधी हवेचा फिल्टर बघितला, तो तुंबला तर टर्बो आतलंच तेल ओढतो. स्वच्छ होता. मग इंजिन चालू करून तेल भरायच्या तोंडावर रबरी हातमोजा चढवला. इंजिनाच्या पोटात दाब साठत असेल तर मोजा फुगतो, आणि तोच दाब तेलाला खाली उतरू देत नाही. मोजा लुळा पडून राहिला. वरच्या नळीत तेलाचा जोर आवरणारं बारीक भोकाचं बूच असतं, तेही जागेवर होतं. राहिली परतीची नळी.

ती बघायची मला बुद्धी आधी का सुचली नाही? कारण ती अप्पांनी लावली होती. अप्पांनी लावलेलं कुणी उघडत नाही.

दोन बोल्ट काढले, नळी खाली ओढली. मधोमध अंगठा जाईल एवढं भोक हवं. माझी करंगळी जाईना. अप्पांनी जोडामधल्या गॅस्केटच्या दोन्ही बाजूंना पेस्ट फासली होती, खाली थेंब पडू नये म्हणून, आणि बोल्ट आवळल्यावर ती सगळी आत दाबली जाऊन तिथंच वाळून रबर झाली होती. चारही वेळा ती नळी त्यांनीच लावली होती, आणि दर वेळी जुनी न खरवडता वर नवी फासली होती. खाली थेंब पडला नाही हे खरं. तेल बिचारं वरून बाहेर पडत होतं.

पहिल्यांदा मला आनंद झाला, अगदी टाळी वाजवावी असा. सापडलं! आणि मग पुढचं लक्षात आलं. म्हणजे गणेशचे तिन्ही टर्बो चांगले होते. सांगितलं तर त्याचं नाव धुतलं जाणार, आणि अप्पांनी ज्या एका कारणानं लग्न मोडलं ते कारणच उरणार नाही. पंधरा दिवसांत माझ्या गळ्यात हार. नाही सांगितलं तर मी सुटले आणि तो बुडाला. मी त्या गाडीखाली उताणी पडले होते, अंगावर तेल ठिबकत होतं, आणि मला कुठल्याही बाजूनं बाहेर येता येईना.

मी ती नळी तशीच परत लावली. पेस्टसकट. हात धुतले आणि दहीभात खाल्ला. हे सांगून ठेवते, नाहीतर पुढं मी फार मोठं काही केलं असं वाटेल तुम्हाला.

गुरुवारी आत्तेचा फोन आला. आवाज बसलेला. "गणेश दुकान बंद करतो आहे गे. होसूरला कारखान्यांत काम मिळालें. सोमवारीं जातो."

"तू?"

"मी काय? मी इथेंच. ह्या वयांत होसूरला जाऊन काय करूं, भाषा तीच पण माणसें कुठें आपलीं? रविवारीं आम्ही दोघें येतों. जाण्यापूर्वीं मामाला नमस्कार करायचा म्हणतो तो." आणि मग, जरा थांबून, "तूं केस कापलेस म्हणे? कशाला गे?"

मी फोन ठेवला आणि वर्कशॉपच्या मागं जाऊन रडले. स्वतःचाच राग आला. मग गणेशचा आला, की असा कसा हा मेंगळट, चार महिने ऐकून घेतो आणि एकदाही म्हणत नाही की मामा, तुमचं काम बघा! मग अप्पांचा आला. मग पुन्हा स्वतःचा. शुक्रवारी सांगू म्हटलं, सांगितलं नाही. शनिवारी अप्पा जेवताना म्हणाले, "पोरगा चांगला, पण हातांत कसब नाहीं," आणि मी मान खाली घालून रसम ओरपलं.

रविवारी दोघं आली. आत्तेनं मोरकोळंबूचा, ताकाच्या आमटीचा, डबा आणला होता, माझ्या आवडीचा, भेंडी घातलेला. तांबुलाच्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच आमच्या उंबऱ्याच्या आत येत होती. गणेशनं अप्पांना नमस्कार केला. अप्पा "बरें, बरें" म्हणाले आणि भिंतीकडे बघायला लागले. चौघंही वर्कशॉपच्या दारातल्या बाकावर बसलो. गणेश बारीक झाला होता. माझ्याकडे बघून हसला आणि मला ते हसणं सहन होईना.

तेवढ्यात सांबशिव आला. त्याचा रविवारचा फेरा ठरलेला, गाडीचं काय झालं विचारायला. गणेशला बघून त्याला चेव आला. "अहो, होसूरला चाललात म्हणे? तिथं काय काम देणार तुम्हाला? बुचं लावणं तरी जमेल ना?" आणि अप्पांकडे वळून डोळा मारला.

अप्पा हसले. जरासंच, गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून हसतात तसं. आत्तेनं ते बघितलं. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं आणि खाली बघितलं, आणि तिथं माझं डोकं फिरलं.

"अप्पा, उठा," मी म्हटलं. "सांबशिव, तुम्हीही या. गणेश, तू ये. आत्ते, तूही. बघाच आता."

गाडी जॅकवर होतीच. मी खाली सरकले, दोन बोल्ट काढले आणि परतीची नळी आणून बाकावर आपटली. "घाला करंगळी. घाला ना सांबशिव! गेली? नाही ना? इथून तेल परत जायला पाहिजे. कसं जाणार, ह्या पेस्टच्या बोळ्यातून? टर्बोत काही दोष नव्हता. गणेशच्या तिन्ही टर्बोंत नव्हता आणि चेन्नैच्या चौथ्यातही नाही. चारही टर्बो आपल्याच पेस्टनं बुडवलेत."

अप्पांनी चष्मा पुसला, नळी उचलली, उजेडाकडे धरली. करंगळी घालून बघितली. मग बोट त्या वाळलेल्या पेस्टच्या कडेवरून फिरवलं, सावकाश, लावताना फिरवतात तसंच. "हें माझेंच काम," म्हणाले. चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

ते आत्तेपुढं जाऊन हात जोडून उभे राहिले. "अक्का, मीं चारचौघांत तुझ्या पोराचें नांव घालवलें. तुझें ताट परत पाठवलें. त्याची भरपाई मीच करणार. नंदूला देतों. येत्या मुहूर्तावर. तूं नाहीं म्हणूं नको."

"अप्पा!"

"गप. मोठीं माणसें बोलताहेत."

"तुमची चूक मी का फेडू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत्ते रडत होती आणि हसत होती. तिनं स्वतःच्या अंबाड्यातली मोगऱ्याची वेणी काढली आणि माझ्या कापलेल्या केसांत खोचायला लागली. राहीना, तर तिनं स्वतःचा आकडा काढून लावला. "देवानें ऐकलें गे," म्हणत होती, "देवानें ऐकलें." ते हात झटकून टाकायचं बळ माझ्यात कुठून येणार होतं? मी तशीच उभी राहिले, हात तेलानं माखलेले, डोक्यात मोगरा.

अप्पा म्हणाले, "गणेश, तूं बोल. मामावर राग नाहीं ना?"

गणेश नळी हातात घेऊन बघत होता. म्हणाला, "मला माहीत होतं मामा."

"काय?"

"दुसरा टर्बो परत आला तेव्हाच. खालच्या तोंडाला पेस्ट चिकटून आली होती, मी खरवडून काढली. तिसऱ्यालाही होती."

आत्तेचा हात माझ्या केसांत थांबला. "आणि तूं बोलला नाहींस? दुकान बुडालें, लोकांनी तोंडावर हसून घेतलें, आणि तूं बोलला नाहींस?"

त्यानं नळी बाकावर ठेवली. मग खाली बघून म्हणाला, "मी तांबूल झाल्यावर मामांना एकटं गाठून सांगणार होतो. त्याआधीच धूर झाला. आणि त्या दिवशी मामा ओरडले तेव्हा मी नंदूकडे बघितलं. तिचा चेहरा..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "तिला हे लग्न नको होतं. तिला कारण मिळालं. ते मी कशाला काढून घेऊ?"

सांबशिवच्या डोळ्यांत पाणी आलं, त्या मेल्याच्या! "अय्यो, असा माप्पिळ्ळै, असा जावई शोधून मिळेल का?" अप्पांनी गणेशला मिठी मारली. आत्ते म्हणाली, "बघितलेंस गे? बघितलेंस माझें पोर?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, ओल्या डोळ्यांनी, मी आता काय बोलणार हे ठरलेलंच आहे असं समजून.

गणेश वाईट असता तर मी सुटले असते. नालायक असता तरी सुटले असते. पण इतका चांगला निघाला की आता नको म्हणणारी मी कोण? माझा असा संताप झाला की बोलूनच गेले. "माझ्यावर उपकार करायला कुणी सांगितलं होतं तुला? मला विचारायचं होतंस! तूही विचारलं नाहीस, ह्यांच्यासारखंच."

त्यानं वर बघितलं. "विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"नको म्हणाले असते."

"आणि आता?"

आता. अप्पांनी हात पुढं केला होता मला गप्प करायला. आत्ते हसत होती अजून, तिला वाटत होतं मी रुसलेय.

"आत्ताही नको," मी म्हटलं. "ऐकून घ्या सगळे. मला मंगळवारपासून माहीत होतं. मी बघितलं आणि नळी तशीच परत लावली. गणेश चार महिने माझ्यासाठी गप्प राहिला, आणि मी पाच दिवस स्वतःसाठी गप्प राहिले. तो माझ्याहून चांगला आहे. तरी मला त्याच्याशी लग्न करायचं नाही."

"कारण सांग," अप्पा म्हणाले. आवाज चढला होता आता. "कांहीं कारण असेल कीं नाहीं?"

"नाही. कारण नाही. नको, एवढंच."

अप्पा माझ्यावर हात उचलायला आले होते असं मला वाटतं. खात्रीनं सांगता येत नाही, कारण गणेश मध्ये आला. "मामा, स्क्रेपर कुठं आहे?" म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज साधा. त्यानं स्वतःच शोधला, नळीच्या तोंडावरची पेस्ट खरवडायला बसला. करकर आवाज होत होता आणि आम्ही सगळे तो ऐकत उभे. नवं गॅस्केट कापलं. अप्पांचा हात सवयीनं पेस्टच्या ट्यूबकडे गेला. गणेश म्हणाला, "कोरडंच, मामा." अप्पांनी ट्यूब खाली ठेवली आणि आत निघून गेले.

नळी मी लावली. गणेशनं बॅटरीचा उजेड धरला. गाडीखाली आमची डोकी वीतभर अंतरावर होती आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. "बोल्ट सारखे आवळ," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "माफ कर रे." तो म्हणाला, "बघ, डावा सैल आहे."

सांबशिवनं गाडी चालू केली. पंधरा मिनिटं उभी ठेवली, मग रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. आधीचं साठलेलं तेल थोडं जळलं, आणि मग सायलेन्सरचं तोंड स्वच्छ. सांबशिव गणेशच्या पाया पडायचा तेवढा राहिला. "होसूर नको हो," म्हणाला, "मी आजच सगळ्या बसवाल्यांना सांगतो, आमच्या गिरणीच्या दोन लॉऱ्याही तुमच्याकडेच." गणेशनं मान हलवली. तो जाणार नाही हे मला तेव्हाच कळलं. दुकान राहिलं त्याचं, निदान तेवढं झालं.

आत्ते फाटकाबाहेर जाऊन उभी होती, ऑटोची वाट बघत. डबा आत तसाच होता, कुणी जेवलं नव्हतं. मी धावत गेले.

"आत्ते, जेवून जा. आत्ते."

तिनं माझं मनगट धरलं, तेलकटच. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं घट्ट. "माझा पोरगा वाईट होता तेव्हां तुला नको होता. आतां चांगला निघाला, तरी नको. मग वाईट कोण गे नंदू? तूंच सांग. मीं तुला पोटच्या पोरीसारखी वाढवली ती कशाला? माझ्याच घरीं राहावीस म्हणून."

मला पुष्कळ बोलता आलं असतं. तुझ्यावर माझा जीव आहे, मी रोज येईन, म्हातारपणी तुला मीच बघेन. ते सगळं खरं होतं आणि त्यातलं एक जरी बोलले असते तरी पुन्हा अडकले असते. तिचा हात किती मऊ होता.

"मी वाईट, आत्ते," मी म्हटलं. "तसंच समज. पण सोड मला."

तिनं माझ्याकडे बघितलं. ऑटो येऊन थांबली, गणेश मागून आला, बाजूला उभा राहिला. आत्तेनं एक एक बोट करून हात सोडला, आणि माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे पांढरे ठसे राहिले. ती ऑटोत बसली आणि मागं वळून बघितलं नाही.